फाबिया व्हीआरएस टीडीआय, काही महिन्यांच्या वापरानंतर: रीमॅप सगळ्यात शेवटी

डिझेल गाडीची ताकद वाढवणं हे या सगळ्या खटाटोपातलं सर्वात सोपं काम आहे. लॅपटॉप जोडला, इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये नवी फाइल चढवली (यालाच रीमॅप म्हणतात) की अर्ध्या तासात गाडी बदलते. अवघड आहे ते त्याच्या आधीचं. पहिल्या पिढीची स्कोडा फाबिया व्हीआरएस (फाबियाची स्पोर्टी आवृत्ती) घेऊन ती टप्प्याटप्प्याने बदलत गेलो आणि आता बरेच महिने रोज चालवतोय. त्यातलं काय कामाला आलं आणि काय उगाचच होतं, ते लिहितो.

आधी गाडीबद्दल थोडं. २००३ ते २००७ या काळातली ही व्हीआरएस फक्त डिझेलमध्येच मिळायची. हॉट हॅच (लहान पण वेगवान हॅचबॅक) म्हणजे पेट्रोलच, असं धरून चालण्याचे ते दिवस, म्हणून हिचं अप्रूप. १.९ लिटरचं टीडीआय (टर्बो डिझेल) इंजिन, १३० पीएस (अश्वशक्ती), १९०० आरपीएमला ३१० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर. शून्य ते शंभरला साडेनऊ सेकंदांच्या आसपास, म्हणजे आजच्या हिशेबाने काही विशेष नाही. पण चौथ्या गिअरमध्ये साठच्या वेगाला असताना पाय दाबून बघा, गिअर न बदलता ओव्हरटेक होऊन जातो. डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तुलनेने साधा, आणि त्या काळची पोलो व इबिझा याच प्लॅटफॉर्मवरच्या असल्यामुळे बरेच भाग एकीचे दुसरीला बसतात. हौसेने काम करणाऱ्याला आणखी काय हवं?

या इंजिनाला पीडी (पुम्पे-ड्युझे, म्हणजे पंप आणि नॉझल एकत्र) म्हणतात. कॉमन रेल या दुसऱ्या पद्धतीत सगळ्यांना मिळून एक हाय-प्रेशर पंप असतो. इथे प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा पंप असतो आणि तो दाबण्यासाठी कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) एक जादा लोब (उंचवटा) असतो. दाब २०५० बारपर्यंत चढतो. या जादा लोबला जागा करायची म्हणून व्हॉल्व्हचे लोब अरुंद केलेले असतात, आणि झीज सुरू होते ती तिथेच. म्हणून या इंजिनात कोणतंही ऑइल चालत नाही. व्हीडब्ल्यू ५०५.०१ किंवा त्यानंतरचं ५०७.०० हे स्पेसिफिकेशन डब्यावर छापलेलं हवं, आणि ऑइल वेळेवर बदललेलं हवं. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने ते चांगलंच लांबवत नेलं होतं, हे सर्व्हिसच्या वहीवरूनच कळत होतं.

त्यामुळे पहिल्यांदा व्हॉल्व्ह कव्हर उघडलं. टॉर्च धरून, इंजिन हाताने फिरवत एकेक लोब तपासला. चांगल्या लोबवर सगळीकडे सारखी चकाकी दिसते आणि कडेवरून नख फिरवलं तर कड जाणवते. तिसऱ्या सिलिंडरच्या एका लोबची कड गुळगुळीत गोल झाली होती आणि त्याखालच्या फॉलोअरच्या (लोब ज्यावर दाबतो त्या भागाच्या) मधोमध मसुरीच्या डाळीएवढा खरबरीत डाग पडला होता. गाडी मात्र या अवस्थेतही गुण्यागोविंदाने चालत होती. धूर नाही, आवाज नाही. अशा इंजिनावर वरून शंभर न्यूटन-मीटर लादले असते तर काय झालं असतं, ते सांगायला नको. कॅमशाफ्ट, फॉलोअर, बेअरिंग शेल आणि त्याच खोलाखोलीत टायमिंग बेल्ट व वॉटर पंप, असं सगळं एकदमच बदललं. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही. मित्रांना दाखवायला काही नाही, फोटो काढण्यासारखंही काही नाही. तरी या प्रोजेक्टवरचा सर्वात योग्य खर्च हाच.

मग लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद. व्हीसीडीएस (गाडी तपासायचं सॉफ्टवेअर) जोडून ग्रुप ०११ उघडायचा, तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ४००० पर्यंत पाय पूर्ण दाबून ठेवायचा आणि ईसीयूने मागितलेलं बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) व प्रत्यक्ष मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी ठेवून बघायचं. (मोकळा रस्ता आणि शेजारी दुसरा माणूस हवा. स्क्रीनकडे बघत गाडी हाकू नका.) माझ्याकडे सुरुवातीला प्रत्यक्ष आकडा मागणीच्या वर उसळी मारून मग खाली यायचा. या टर्बोमध्ये एक्झॉस्टच्या बाजूला हलत्या पात्या असतात. काजळी साचली की त्या अडकतात, बूस्ट आवरत नाही आणि ईसीयू गाडीला लिम्प मोडमध्ये टाकतो, म्हणजे ताकद कापतो. लोक लगेच टर्बो उतरवायला धावतात. आधी व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या बघाव्यात, त्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होऊन चिरतात. मग एन७५ व्हॉल्व्ह (टर्बोकडे जाणारा व्हॅक्यूम आवरणारा), आणि टर्बो सगळ्यात शेवटी. माझ्या गाडीत नळ्या बदलून निम्मा फरक पडला, उरलेला निम्मा पात्या साफ केल्यावर.

इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा) बंपरच्या एका कोपऱ्यात असतो आणि आकाराने लहान असतो. १३० पीएससाठी तो पुरतो. ताकद वाढवल्यावर मात्र लांब चढावर आत जाणारी हवा बाहेरच्यापेक्षा चाळीस-पंचेचाळीस अंशांनी गरम झालेली लॉगमध्ये दिसायची, आणि हवा तापली की तीच गाडी मरगळते. समोर मोठा इंटरकूलर बसवल्यावर हा फरक पंधराच्या आत आला. पाइप थोडे लांबल्यामुळे लॅग (ताकद यायला लागणारा उशीर) वाढेल अशी भीती होती, पण रोजच्या चालवण्यात तो जाणवत नाही. नुसता मोठा इंटरकूलर घालून स्टॉक मॅपवर (कंपनीच्या मूळ फाइलवर) पीएस वाढतील, असं कोणी सांगत असेल तर ऐकून सोडून द्या. त्याचं काम वाढलेली ताकद टिकवून धरण्याचं.

आता रीमॅप. या इंजिनाला स्टेज वनमध्ये (नुसती फाइल बदलून) साधारण १७० पीएस आणि ४०० न्यूटन-मीटर मिळतात, आणि बहुतेक जण त्या ४०० च्या आकड्यावरच भाळतात. जरा हिशेब करून बघा. टॉर्कला आरपीएमने गुणायचं आणि सुमारे ७०२० ने भागायचं की पीएस मिळतात. २००० आरपीएमला ४०० न्यूटन-मीटर म्हणजे फक्त ११४ पीएस. ४००० ला ३०० न्यूटन-मीटर टिकवले तर १७० पीएस. म्हणजे गाडी खरी पळते ती वरच्या आरपीएमला टॉर्क किती टिकतो त्यावर, आणि खालचा तो धक्का क्लच, ड्युअल-मास फ्लायव्हील (धक्के शोषणारं दुहेरी फ्लायव्हील) आणि पुढच्या टायरांच्या मुळावर येतो. म्हणून मी ट्यूनरला सरळ सांगितलं की कमाल टॉर्क ३६० वर बांधा, २२०० आरपीएमच्या खाली तो हळूहळू चढू द्या आणि वर जमेल तितका धरून ठेवा. त्याने आधी नाक मुरडलं, त्याच्या जाहिरातीत आकडा लहान दिसला असता ना! पण फाइल मनासारखी करून दिली. वर १६५ पीएसच्या आसपास मिळतात. मित्राच्या ४०० वाल्या गाडीत बसल्यावर पहिल्या क्षणी ती जास्त जोरदार वाटते. पुढे तिसऱ्या गिअरमध्ये दोन्ही गाड्या बरोबरीनेच जातात.

धुराचंही तेच. डिझेल जास्त ओतलं आणि त्या प्रमाणात हवा नसली की मागे काळा पडदा उभा राहतो. काहींना त्यात मर्दुमकी वाटते. मला तो नुसता न जळालेल्या इंधनाचा ढग दिसतो, आणि त्याच्याबरोबर एक्झॉस्टचं तापमानही चढतं. ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) मी काढला नाही, साफ करून परत बसवला. रस्त्यावरच्या गाडीतून तो काढणं बहुतेक देशांत कायद्यात बसत नाही. शिवाय पाय पूर्ण दाबलेला असताना तो तसाही बंद असतो, मग काढून पीएस येणार कुठून? आणि विमा कंपनीला सगळे बदल लेखी कळवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

क्लच अजून मूळचाच आहे. घसरतो का ते बघायचं तर पाचव्या गिअरमध्ये १८०० आरपीएमवर पूर्ण पाय द्यायचा. वेग तसाच राहून आरपीएमचा काटा एकटाच वर पळाला, की क्लच गेला समजा. माझा अजून धरतो, त्याचं श्रेय त्या ३६० च्या मर्यादेला. इंजिन बंद करताना फ्लायव्हीलचा किंचित खडखडाट मात्र ऐकू येऊ लागलाय, म्हणजे पुढेमागे दोन्ही एकदमच बदलावे लागणार.

ब्रेकमध्ये पुढच्या २८८ मिमी डिस्कच्या जागी ३१२ मिमी घातल्या. १६ इंची चाकात त्या मावतात का, हे चाकाच्या आतल्या आकारावर ठरतं, तेव्हा घेण्याआधी मोजून बघा. खरं सांगायचं तर पेडलमधला मोठा फरक चांगले पॅड आणि नवीन ब्रेक फ्लुइड यांनीच पडला होता. मोठ्या डिस्कचा उपयोग लांब उतारावर कळतो.

हॅंडलिंगचा विषय वेगळा. लोखंडी ब्लॉकचं जड इंजिन पुढच्या चाकांवर बसलेलं, त्यामुळे वळणात नाक बाहेर ओढतं. मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी कलणं रोखणारा दांडा) घातल्यावर हा स्वभाव बराच निवळला, आणि जाणवलेल्या फरकाच्या मानाने हे काम फारच स्वस्तात पडलं. पुढच्या विशबोनचे (सस्पेन्शनच्या आर्मचे) रबरी बुश आणि स्ट्रटचे टॉप माउंट नवे टाकले, तशी स्टिअरिंगमधली ढिलाई गेली. गाडी तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त खाली घेतली नाही. त्याखाली ड्राइव्हशाफ्टचे कोन बिघडतात आणि ती खड्ड्यात आपटते. एक्झॉस्टवर खर्च करून पस्तावलेले बरेच भेटतात. हे इंजिन काहीही केलं तरी ट्रॅक्टरच्या जातीचाच आवाज काढणार.

शांतपणे हायवेला चालवली तर ॲव्हरेज रीमॅपच्या आधी होतं तेवढंच, लिटरला अठराच्या पुढे. पाय जड असला की कुठे जातं, ते मोजत नाही. मोठा टर्बो घालायचा विचार काही काळ होता. पण त्यासाठी इंजेक्टरचे नॉझल, क्लच आणि पुन्हा मॅप, म्हणजे सगळं नव्याने आलं, आणि पुढची चाकं ओल्या रस्त्यावर आत्ताच दुसऱ्या गिअरमध्ये फिरतात. त्या पैशांत फ्लायव्हील आणि क्लचचा पूर्ण सेट येईल, शिवाय पुढच्या टायरांची जोडी. मागचे टायर अजून निम्मेही झिजलेले नाहीत.