नवीन हार्ड डिस्क दिसेना म्हणून ‘ड्रायव्हर’ शोधायला गेलो आणि ८,२६० रुपये गेले

आमचा मिरजेत लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा व्यवसाय आहे. दोन कॅमेरे लावले की एका लग्नाचे दोन-तीनशे जीबी सहज भरतात. यंदा ऐन लग्नसराईत जुनी डिस्क भरत आली आणि मी ४ टीबीची नवी हार्ड डिस्क आणली. झालं ते सगळं लिहितोय, कारण नवी डिस्क घरी बसवणारा कुणीही नेमका याच ठिकाणी अडू शकतो.

बसवायचं काम सोपं होतं. कॅबिनेटचं झाकण काढलं, डिस्क खाचेत सरकवली, चार स्क्रू आवळले. डेटाची एक केबल (तिला साटा म्हणतात) मदरबोर्डला, दुसरी एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, आलेली पॉवरची. मशीन चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, डिस्कचं नाव आणि मॉडेल नंबर दिसला. विंडोज उघडल्यावर मात्र ‘धिस पीसी’मध्ये जुने सी आणि डी, एवढेच. नव्या डिस्कचा पत्ता नाही.

मला वाटलं, ड्रायव्हर लागत असेल, म्हणजे विंडोजला ती वस्तू ओळखून चालवता यावी म्हणून टाकायचा छोटा प्रोग्राम. प्रिंटर आणला की ड्रायव्हर टाकतो, ग्राफिक कार्डाला टाकतो, मग डिस्कलाही असणारच. डिस्कच्या कंपनीचं नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर डाउनलोड’ असं सर्च केलं. सगळ्यात वर जे आलं ते उघडलं. त्यावर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं होतं, म्हणजे ती पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती. पानावर कंपनीचा लोगो होता, म्हणून मला ते कंपनीचंच वाटलं.

तिथून एक प्रोग्राम उतरला. त्याने मशीन तपासल्यासारखं केलं आणि लाल रंगात ३७ ड्रायव्हर खराब असल्याचं दाखवलं. खाली मोठ्या आकड्यात हेल्पलाइनचा नंबर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका घरी अल्बमची निवड दाखवायला जायचं होतं. मी फोन लावला.

आधी एक बाई हिंदीत बोलल्या. नाव-गाव विचारलं आणि फोन ‘सीनियर इंजिनियर’कडे दिला. तो मराठीत बोलायला लागला. ‘काका, मिरजेचे का? काळजी करू नका, मी आहे ना.’ या एका वाक्याने माझी सगळी सावधगिरी गेली. आपली भाषा बोलणारा माणूस आपल्याला लुटेल असं मनात येत नाही. आलं पाहिजे.

त्याने माझ्याकडून एक ॲप टाकून घेतलं, नऊ आकडी नंबर विचारला आणि मला ‘अलाऊ’ दाबायला लावलं. त्या क्षणापासून माउसचा बाण माझ्या हातात नव्हता. नंतरची जवळजवळ दोन तास चाळीस मिनिटं तो माझ्या मशीनमध्ये होता.

आधी भीती घातली. काळी खिडकी उघडून त्यात ‘नेटस्टॅट’ असं टाइप केलं. भराभर ओळी धावल्या. वर एका रकान्याला ‘फॉरेन ॲड्रेस’ असं नाव होतं. त्यावर बाण फिरवत तो म्हणाला, ‘फॉरेन म्हणजे परदेश, काका. आत्ता या घडीला बाहेरच्या देशातली एवढी माणसं तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसलीत. ड्रायव्हर जुने असले की असंच होतं.’ मला घाम फुटला. आता कळलंय की त्या रकान्यातल्या ‘फॉरेन’चा परदेशाशी संबंध नाही. आपलं मशीन ज्या दुसऱ्या मशीनशी बोलतंय त्याचा तो पत्ता. ब्राउझर उघडा असला की तुमच्याकडेही तशा दहा-वीस ओळी येतील. त्यातली एक खरोखरच बाहेरच्या माणसाची होती, आणि ते कनेक्शन मीच दिलेलं होतं.

मग २,३६० रुपये मागितले. दोन हजार अधिक जीएसटी, असं नीट फोड करून सांगितलं. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कंपनीच्या जागी एका बाईचं नाव आलं. विचारलं, तर ‘अकाउंट्सच्या मॅडम आहेत’ म्हणाला. मी पैसे पाठवले.

खरा डाव पुढे होता आणि तो मला दोन दिवसांनी भाच्याने समजावला. फोनवरच्या त्या ‘इंजिनियर’ने स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं. लगेच एक छोटी चौकट आली. तिच्यात दोन पर्याय होते, वर एमबीआर आणि खाली जीपीटी. टिंब खालच्यावर होतं. त्याने ते उचलून वरच्यावर ठेवलं आणि ओके दाबलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

डिस्कवरची जागा आखायच्या या दोन पद्धती, जीपीटी नवी आणि एमबीआर जुनी. एमबीआरमध्ये २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. त्यामुळे माझ्या ४ टीबीच्या डिस्कचे स्क्रीनवर दोन तुकडे दिसायला लागले, एक २०४८ जीबीचा आणि दुसरा सोळाशे अठ्ठ्याहत्तर जीबीचा. पहिला त्याने फॉरमॅट करून दिला, त्याला ‘ई’ हे अक्षर आलं. दुसऱ्यावर राइट क्लिक करून दाखवलं, तर पर्याय फिकट झालेले, दाबले जात नव्हते. ‘बघा काका, उरलेला भाग लॉक आहे. त्याला प्रीमियम ड्रायव्हर लागतो.’ ५,९०० रुपये, जीएसटीसकट. पट्टी समोर दिसत होती, पर्याय खरोखर दाबला जात नव्हता. मी तेही भरले. त्याने काहीतरी डाउनलोड केल्यासारखं केलं आणि ‘चोवीस तासांत जागा मोकळी होईल’ म्हणून फोन ठेवला.

जागा मोकळी झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. आता म्हणे सर्व्हर बिघडलाय, पैसे परत करायचेत, त्यासाठी नेट बँकिंग उघडा. आमची मुलगी शेजारी बसली होती. तिने माझ्या हातातून फोन घेऊन कट केला आणि राउटरचं बटण बंद केलं.

१९३० वर आम्ही फोन केला तेव्हा पैसे जाऊन अठरा तास झाले होते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हा सरकारी नंबर आहे. तिथे तक्रार लगेच गेली तर पैसे पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येतात, उशीर झाला की ते तीन-चार खात्यांतून फिरून काढलेले असतात. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, बँकेतही लेखी दिलं. आजपर्यंत एक रुपया परत आलेला नाही. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं की पिन तुम्हीच टाकलाय, त्यामुळे अवघड आहे. रात्री फोन ठेवल्याबरोबर मला शंका आली होती, पण घरात सांगायची लाज वाटली. त्या लाजेपायी ते अठरा तास गेले.

भाचा आला आणि त्याने आधी सी ड्राइव्हवर विंडोज नव्याने टाकलं, सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला लावले. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो ‘ई’ भाग काढून टाकला, डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू जीपीटी’ दाबलं. दोन तुकड्यांची एक सलग पट्टी झाली. ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’, एनटीएफएस, नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. चहा निवायच्या आत काम झालं. कुठलाही ड्रायव्हर टाकला नाही, कारण साध्या साटा डिस्कला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, तो विंडोजमध्येच असतो. नवी डिस्क म्हणजे हद्दी न आखलेलं रान. आखून दिलं नाही तोवर विंडोज तिला अक्षर देत नाही. (नव्या मशीनवर विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नसेल, तर कधी कधी खरोखर ड्रायव्हर लागतो. तो मदरबोर्डच्या किंवा कॉम्प्युटरच्या कंपनीच्या साइटवर, मॉडेल नंबर टाकून, फुकट मिळतो.)

आणि ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ टीबी दिसते. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, एवढंच कारण. ‘राहिलेली जागा व्हायरसने खाल्ली’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

दुकानदाराचा यात काही दोष नाही, हेही लिहायला हवं. भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये डिस्क चाललेले तास बघितले, जेमतेम आमच्या वापराचे होते. डिस्क आणल्याबरोबर हे बघाच, आणि सीरियल नंबर टाकून वॉरंटीही बघा. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. त्यात तासांचा आकडाही पुसून शून्य केलेला होता.

पैशांपेक्षा मला दुसऱ्या गोष्टीमुळे झोप लागेना. ते दोन तास चाळीस मिनिटं डी ड्राइव्ह उघडा होता. त्यात हळदीचे, मेंदीचे, घरातल्या बायका-मुलींचे फोटो होते. लोक विश्वासाने आपल्याला घरात घेतात. त्याने काही उचललं का ते कळायला मार्ग नाही. ज्यांचं काम त्या आठवड्यात चालू होतं त्या दोन्ही घरी मी जाऊन सांगितलं. एका घरी नवरीचे वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘तुम्ही येऊन सांगितलंत, नाहीतर आम्हाला कुठून कळणार होतं.’ दुसऱ्या घरी आजींनी एवढंच विचारलं, ‘फोटो आहेत ना पण सगळे?’ होते. त्याच रात्री ते नव्या डिस्कवर घेतले आणि दुसरी प्रत त्यांच्या घरी नेऊन दिली.