क्लाइंबमध्ये व्हीएस लावायचा की एफएलसी? लोहगाववरून सेसना काढणाऱ्यांसाठी

पुण्यात फ्लाइट सिम (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर) नव्याने सुरू केलेल्यांची ठरलेली तक्रार असते: लोहगाववरून सेसना १७२ (एका इंजिनाचं छोटं विमान) काढली, ऑटोपायलट लावला, सातशेचा क्लाइंब दिला आणि सिंहगडाकडे वळेपर्यंत स्पीड ८० नॉट्सवरून ६० च्या खाली, मग स्टॉलचा (पंखांची उचल संपत आल्याचा) भोंगा, की लगेच सिममध्ये बग आहे म्हणून बोंब. बग वगैरे काही नाही हो, बहुतेक वेळा मोड चुकलेला असतो.

व्हीएस म्हणजे व्हर्टिकल स्पीड, ऑटोपायलटचा चढायचा रेट धरणारा मोड. मिनिटाला ७०० फूट सांगितले की तो ७०० च धरणार, इंजिनात दम असो नसो, आणि दम कमी पडला की नाक अजून वर करून ती भरपाई स्पीडमधून काढणार. कात्रजचा घाट चौथ्या गिअरमध्येच चढायचा हट्ट धरल्यासारखं. एफएलसी म्हणजे फ्लाइट लेव्हल चेंज, त्याचं उलटं, तो स्पीड धरतो आणि चढायचा रेट जो मिळेल तो घेतो. १७२ मध्ये थ्रॉटल दोन्हीकडे तुमच्याच हातात, ऑटोथ्रॉटल नाहीच, त्यामुळे एफएलसीत पॉवर कमी केलीत तर विमान चढायचंच थांबेल, मग ऑटोपायलटला शिव्या घालू नका.

आता लोहगावची गोम. एअरपोर्ट १९४२ फुटांवर, त्यात मे महिन्यातली दुपार, लाइव्ह वेदर चालू आणि ४० डिग्री, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५००० फुटांच्या वर गेली. फुल लोडची १७२एस समुद्रसपाटीला स्टँडर्ड हवेत जेमतेम ७३० फुटांनी चढते, मग इथे ७०० कुठून देणार? व्हीएसच वापरायचा असेल तर ४००-५०० पासून सुरुवात करा आणि स्पीड ७५ च्या खाली यायला लागला की शंभर-शंभरने कमी करत जा. तीन हजारांच्या वर मिक्स्चर लीन करायचं (हवेच्या मानाने इंधन कमी करायचं) विसरलात तर हेही जमणार नाही.

विमान निवडायचं बाकी असेल तर हे बघा: जुन्या घड्याळवाल्या १७२ मध्ये केएपी १४० ऑटोपायलट असतो, त्यात एफएलसी बटणच नाही, आणि ऑटोपायलट लावला की तो त्या क्षणाचा रेट पकडून व्हीएसमध्येच बसतो. जी१००० म्हणजे स्क्रीनवाल्या १७२ मध्ये जीएफसी ७०० ऑटोपायलट येतो, तिथे आधी हाताने ८० नॉट्सवर ट्रिम करायचं (विमान त्या स्पीडवर स्थिर करायचं), अल्टिट्यूड सेट करायची, मग एफएलसी. ६५ ला बटण दाबलंत तर तो ६५ च धरेल. नुसतं वर जायचंय आणि नकाशा बघायचाय अशा माणसाने डोळे झाकून जी१००० घ्यावं. शिकायचंय तर केएपी १४०, कारण तिथे स्पीडवर नजर ठेवायची सवय लागते, आणि उन्हाळी थर्मल्समध्ये (गरम हवेच्या वर चढणाऱ्या झोतांत) एफएलसी नाक वर-खाली करत बसतो तो वैतागही नाही.

जेटमध्ये नावं बदलतात, ७३७ ला लेव्हल चेंज, ए३२० ला ओपन क्लाइंब, तत्त्व तेच. तिथे ऑटोथ्रॉटल असतो खरा, पण उंचावर जास्त व्हीएस मागितलात तर इंजिन फुल होऊनही स्पीड पडतोच. शेवटच्या हजार फुटांत मात्र व्हीएस बरा, हळूच लेव्हल होता येतं.

एका ठिकाणी एफएलसी खरोखर फसतो. तो एअरस्पीडवर विश्वास ठेवतो, आणि पिटो ट्यूब (समोरच्या हवेच्या दाबावरून स्पीड मोजणारी नळी) बर्फाने पूर्ण बंद झाली तर क्लाइंबमध्ये काटा खोटाच वाढत जातो. हा म्हणतो स्पीड जास्त झाला, नाक वर घ्या. १ डिसेंबर १९७४ ला न्यूयॉर्कजवळ एक बोईंग ७२७ असंच पडलं, ती नळी गरम ठेवणारी पिटो हीट बंद होती, काटा वाढत गेला आणि क्रू नाक ओढत राहिला. आपल्याकडे पावसाळ्यात शून्य डिग्री साधारण १६-१८ हजार फुटांवर असते, १७२ ची सीलिंगच (चढायची कमाल उंची) १४०००, त्यामुळे तिला हा धोका जवळजवळ नाही. ए३२० घेऊन ढगात घुसणार असाल तर आहे. पॉवर तीच, नाक वर जातंय आणि तरी स्पीड वाढताना दिसला, की ऑटोपायलट काढा, नेहमीचा पिच (नाकाचा कोन) आणि पॉवर धरा, मग पिटो हीटकडे बघा.