चौकटीतले भौतिकशास्त्र की कथेतले?

मुलांना साहसकथांमधून आधुनिक भौतिकशास्त्राची ओळख करून द्यायचे ठरवले की पालकांपुढे साधारण दोन प्रकारची पुस्तके येतात. पहिल्या प्रकारात मुले एखाद्या यंत्रातून कृष्णविवराजवळ जातात आणि कृष्णविवर म्हणजे काय, हे मध्येच एका चौकटीत सांगितलेले असते. दुसऱ्या प्रकारात निसर्गाचा एखादा स्थिरांकच, म्हणजे प्रकाशाच्या वेगासारखी एरवी कधी न बदलणारी राशीच, बदललेली असते आणि पुढचे सारे त्यामुळेच घडते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमॉव यांच्या 1940 साली पुस्तकरूपात आलेल्या मिस्टर टॉम्पकिन्सच्या गोष्टींत असे एक गाव आहे. तिथे प्रकाशाचा वेग सायकलस्वाराच्या वेगाहून थोडाच अधिक असतो.

चौकटींच्या पुस्तकांत चित्रे देखणी असतात आणि मूल ती एकट्याने वाचू शकते. माझ्या भाचीने असे एक पुस्तक जेवतानाही खाली ठेवले नाही, पण चौकट आली की ती पान उलटत असे. मला खटकले ते हेच, आणि यात तिला दोष देता येत नाही. खलनायक पाठीशी लागलेला असताना थांबून ताऱ्याचे वस्तुमान कोण वाचेल? शिवाय चौकटी गाळूनही कथेचे काहीच बिघडत नव्हते. पुस्तक संपल्यावर तिला यंत्राचा रंग आठवत होता, काळ मंद का झाला हे मात्र सांगता आले नाही. माझ्यापुरता निर्णय तिथेच झाला.

मग गॅमॉव यांचीच युक्ती उचलून आम्ही कोल्हापुरात प्रकाशाचा वेग ताशी 50 किलोमीटर ठरवला आणि वाटेत कुठेही न थांबता ताशी 40 किलोमीटरने पन्हाळ्याला जाणाऱ्या एसटीत एक हेर बसवला. त्याच्याजवळचे औषध 20 मिनिटांत निकामी होणार होते. सुमारे 20 किलोमीटरच्या या वाटेला गावातल्या घड्याळाप्रमाणे 30 मिनिटे लागतात, म्हणून औषध वाया जाणार असे भाचीने ठामपणे सांगितले. पण सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास धावणाऱ्याचे घड्याळ मंद चालते आणि त्याच्या दृष्टीने वाट आखूड होते. तसा हिशेब केल्यावर हेराच्या घड्याळात 18 मिनिटेच भरली, कारण त्याच्या दृष्टीने वाटच 12 किलोमीटरची झाली होती. इथे भौतिकशास्त्र गाळले तर कथाच उरत नाही. वातावरणात सुमारे 15 किलोमीटर उंचीवर जन्मणारे म्युऑन नावाचे अतिसूक्ष्म कण सरासरी 2.2 मायक्रोसेकंदच (सेकंदाचे दशलक्षांश) टिकतात. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम 660 मीटर कापले जातील, तरीही त्यांतले पुष्कळसे याच कारणाने जमिनीपर्यंत पोचतात, हे तिला त्यानंतर सांगावे लागले नाही, तिनेच ओळखले.

या प्रकारातही उणिवा आहेत. कथानक बारीक असते आणि सोबत मोठे माणूस लागते. गॅमॉव यांच्या गावात वेगवान सायकलस्वार चपटा दिसतो. पण जेम्स टेरेल आणि रॉजर पेनरोज या भौतिकशास्त्रज्ञांनी 1959 साली दाखवून दिले की लांबी मोजली तर कमी भरते, पण डोळ्यांना वस्तू चपटी न दिसता वळल्यासारखी दिसेल, कारण एकाच क्षणी डोळ्यांत शिरणारा प्रकाश तिच्या निरनिराळ्या भागांवरून निरनिराळ्या वेळी निघालेला असतो. हे मुलांना वाचतानाच सांगावे.

मूल एकट्यानेच वाचणार असेल तर कदाचित पहिला प्रकार बरा. शेजारी बसून आकडेमोड करण्याची तयारी असेल तर मात्र मी दुसराच सुचवेन, आणि सुरुवात 50 व 40 याच आकड्यांनी करावी. 40 ला 50 ने भागून आलेल्या संख्येचा वर्ग 1 मधून वजा केला की उरलेल्या संख्येचे वर्गमूळ नेमके 0.6 येते, त्यानेच वेळ आणि वाट यांना गुणायचे असते, आणि पुढचा गुणाकार मुलांना स्वतःच करता येतो.