जुनी हेराल्ड गाडी घरीच दुरुस्त करून उभी केली, रोज वापरतोय: काय जमलं, काय अजून त्रास देतंय

आधी एक वाद मिटवतो. दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड ही काय स्पोर्ट्स कार आहे होय, असं म्हणणारे कोल्हापुरात कुठल्याही चहाच्या गाड्यावर पाच मिनिटांत भेटतात. कबूल, इंजिन ९४८ सीसीचं, एसटीला ओव्हरटेक करायचं म्हटलं की अंबाबाई आठवते. पण हेराल्ड मूळ ब्रिटनच्या ट्रायम्फ कंपनीची, आणि १९६२ ला ट्रायम्फनं स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली ती हेराल्डचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून, आणि दोन्हीची डिझाइन इटलीच्या मिकेलॉत्तीची, त्यामुळं पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग, मागचा आडवा पाटा (स्प्रिंगचा) सगळं नात्यातलं. वळणावर बसून बघा मग बोला.

आणि घरी करायला हिच्यासारखी गाडी नाही. खाली वेगळी चासी, वर बोल्टनं जोडलेले पत्र्याचे भाग. बॉनेट मडगार्डसकट पुढं उलटतं, मग निवांत पुढच्या टायरवर बसून टॅपेट लावा, कंबर मोडत नाही. माझी २०२१ च्या पुरात जागेवरच बुडालेली, आधीच्या मालकानं परत बघितलंच नव्हतं. चासीच्या पोकळीत गाळ वाळून विटेगत झालेला, सळईनं फोडून काढला, मग प्रेशरनं धुतली, कुजलेले आउटरिगर (चासीला बाजूनं असलेले हात) कापून नवीन वेल्ड केले. निम्म्याच्या वर पैसा पत्रा आणि रंगातच गेला, इंजिनात नाही, हे आधीच धरून चला.

पार्टचं टेन्शन मात्र आपल्याकडं कमी. नामी कारागीर म्हादबा मेस्त्रींचं गाव हे, उद्यमनगरात जुना बुश नाहीतर पिन नमुन्याला दिली की लेथवर करून मिळते. फक्त बोल्ट इंची आट्यांचे आहेत हे बजावून सांगा, नाहीतर पोरगं जवळपासचा मेट्रिक बोल्ट दाबून बसवतंय आणि आटे गेले.

आता बदल काय केले ते. ठिणगीसाठी उघडझाप करणारे पॉइंट काढून डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं, डोळे झाकून करा, १५ थाऊचा (इंचाचे हजारावे भाग) गॅप सारखा बघत बसायची कटकट गेली आणि पावसाळ्यात सकाळी पहिल्या सेल्फला उठते. बॅटरी चार्ज करणारा डायनमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवला. जुन्या २२ अँपियरच्या डायनमोवर दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला हेडलाइट, वायपर चालू असले की लाल दिवा पेटायचा, कारण आयडलला तो चार्जिंगच करत नाही. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) होती ती निगेटिव्ह करून घेतली, त्यात बॅटरीबरोबर कॉइलच्या वायरीपण अदलाबदल करायच्या असतात, ते बरेच वायरमन विसरतात. रेडिएटरला इलेक्ट्रिक फॅन लावलाय, जोतिबाच्या चढाला तापमानाचा काटा मधल्या रेघेच्या वर जात नाही. सीट एका भंगारातल्या छोट्या गाडीच्या, स्टिअरिंग लाकडी, तो निव्वळ शौक.

रुंद टायर आणि गाडी खाली बसवायचा आग्रह मित्रमंडळींचा लई होता, नाही केलं. मागं स्विंग एक्सल आहे (चाक आपल्या दांड्यासकट वर-खाली झुलतं), वळणात जोरात जाऊन अचानक ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडायला बघतं. दुकानात सुबक दिसणारी रुंद चाकं त्यावर औषध नाहीत. ट्रायम्फनं १९७० ला स्पिटफायर मार्क फोरला पाटाच बदलला, तो खरा इलाज. पन्हाळ्याला जाताना वळणाच्या आधीच वेग उतरवायचा आणि हलका ॲक्सिलरेटर ठेवून बाहेर पडायचं, मग गाडी अशी काय फिरते की विचारू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, हे कुणी सांगत नाही. पुढच्या चाकाशी खाली पितळी ट्रनियन (आट्यांचा सांधा) असतो, त्याच्या आट्यांत व्हर्टिकल लिंक (चाक धरणारा उभा दांडा) फिरते. तिथं ग्रीस नाही, नव्वदचं गिअर ऑइल जातं. गॅरेजवाले सवयीनं ग्रीस मारतात, ते आत सुकतं, पाणी शिरतं, आटे गंजतात आणि लिंक तुटली की चाक आडवं. एका गॅरेजवाल्यानं तर मला उलट ऐकवलं, चाळीस वर्षं ग्रीसच मारतोय म्हणून. मी वेगळी ग्रीस गनच ठेवलीय ऑइल भरून, वरनं ऑइल डोकावेपर्यंत मारायचं, सारखी आठवण ठेवून.

ब्रेक चारही ड्रम. लायनर नवीन चिकटवलेत, कोरड्या रस्त्याला तक्रार नाही, पण रंकाळ्याच्या बाजूला पाण्यातनं गेलं की पहिले दोन-तीन दाब वायाच जातात. पुढं डिस्क करायची इच्छा आहे, किट बाहेरनं मागवायला लागतं. पेट्रोलचं पण बघा, आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतंय, जुने रबरी पाइप त्यानं फुगतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) कडक होतो. पाइप इथेनॉल चालणारे घातले, आणि पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवतो, रिकाम्या टाकीत ओल धरते. ॲव्हरेज बारा-तेरा, हायवेला ऐंशीच्या पुढं आवाजच इतका की मीच सोडून देतो.

कागदाचं विचारणारे बरेच आहेत म्हणून. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम आहे, नवीन नोंदणीला २०,००० फी, दहा वर्षांची मुदत. दसऱ्याला छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी बघून सगळ्यांना ती व्हिंटेजची व्हीए अक्षरांची नंबरप्लेट हवी असते. पण ती घेतली की रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर, शिवाय चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. मला भाजी आणायला गाडी पाहिजे, म्हणून साधं पाच वर्षांचं रिन्युअलच केलं. आता दाराचं रबर राहिलंय, डाव्या बाजूनं पाणी येतंय, टेम्पोच्या दाराची रबरपट्टी बसते का बघतोय.