आधी घरचं अर्थिंग बघा, मग स्कूटर बुक करा

इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन चौदा महिने झाले, ११,२०० किलोमीटर फिरलो. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून गोकुळ शिरगाव एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन २७-२८ किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठलीही गाडी घेतली तरी उपयोगी पडेल.

सगळे आधी रेंज विचारतात, ते उरकतो. बॅटरी ३ युनिटची, कागदावर १२५ किलोमीटर, मला मिळतात ८५ ते ९०. दोघं बसून पन्हाळ्याला गेलो तर वर पोचेपर्यंत ३८ टक्के गेले. वाघबीळ सोडून चढ लागला की आकडा भराभर उतरतो. येताना घाट उतरताना थोडं परत मिळतं, दहा टक्क्यांत घरी आलो. रोजच्या वापराला हे भरपूर आहे.

मला छळलं ते चार्जिंगनं. पहिल्या महिन्यात रात्री प्लग लावायचो, सकाळी बघावं तर चार्जरवर लाल दिवा आणि बॅटरी होती तिथंच. सर्व्हिस सेंटरनं चार्जर बदलून दिला, तरी तेच. दोनदा ऐनवेळी रिक्षा करून शिफ्ट गाठली. शेवटी गल्लीतल्या वायरमनकाकांनी बोर्ड उघडला. मल्टिमीटरची एक पिन न्यूट्रलला, दुसरी अर्थिंगला. ३८ व्होल्ट! "हे दोन-तीनच्या आत पाहिजे," काका म्हणाले. वडिलांनी घर बांधताना टाकलेली अर्थिंगची पट्टी जमिनीत गंजून तुटली होती. फ्रीज, मिक्सर चालत होते म्हणून इतकी वर्षं कुणाला पत्ताच लागला नाही. स्कूटरचा चार्जर मात्र अर्थिंग तपासतो आणि ते नीट नसेल तर करंट सोडतच नाही. तो करत होता ते आपल्या जिवासाठीच.

अंगणात खड्डा काढून तांब्याची प्लेट, कोळसा, मीठ घातलं, सोळा अँपिअरचा सॉकेट नवीन बसवला. त्यानंतर एकदाही चार्जिंग अडलं नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. गाडी विकताना घरी माणूस पाठवून एवढी एक तपासणी केली असती तर माझा महिना वाया गेला नसता. हे प्रत्येक शोरूमनं करायलाच हवं.

सातव्या महिन्यात उजळाईवाडीजवळ २६ टक्के दाखवत असताना गाडी एकदम बंद पडली. पावसात दोन किलोमीटर ढकलली. कारण निघालं सेलमधला असमतोल. बॅटरीत बरेच सेल एकामागे एक जोडलेले असतात. त्यातला एक गट आधी रिकामा झाला की बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, पूर्ण बॅटरीच बंद करतं. मी कायम ८० टक्क्यांवर प्लग काढायचो, त्यामुळं सेल समान पातळीवर यायला वेळच मिळत नव्हता. आता रोज ८०-८५, पण पंधरा दिवसांतून एकदा १०० टक्के करून तासभर तसाच जोडून ठेवतो. एप्रिलच्या उन्हातून आल्यावर अर्धा तास गाडी थंड होऊ देतो, मगच प्लग. परत तसं झालेलं नाही.

बाहेरच्या चार्जिंगवर मात्र अजून भरवसा नाही. कागलकडे हायवेवरच्या एका स्टेशनवर ॲपमध्ये 'उपलब्ध' दिसत होतं. गेलो तर एका मशीनचा स्क्रीन काळा, दुसऱ्यानं पैसे कापले आणि चार्जिंग सुरूच केलं नाही. पैसे सहा दिवसांनी आले. शेजारच्या चहाच्या गाळ्यातल्या मावशींनी स्वतःचा सॉकेट दिला म्हणून घरी पोचलो. भारतीय मानक ब्यूरोनं २०२३ मध्ये हलक्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंग कनेक्टरचं मानक आणलं, तरी बऱ्याच कंपन्यांचे प्लग अजून वेगवेगळेच. निदान प्रत्येक स्टेशनवर एक साधा सोळा अँपिअरचा सॉकेट आणि फोन उचलणारा माणूस असावा, एवढं झालं तरी पुष्कळ लोक धीर करतील.

इचलकरंजीचा मेव्हणा पुढच्या महिन्यात गाडी घेतोय. रंग कुठला घेऊ म्हणून फोन आला होता. रविवारी मल्टिमीटर घेऊन वायरमनकाकांसोबत त्याच्याकडे जातोय.