डेस्कटॉप प्रोग्रामला स्क्रिप्टिंगची सोय: लुआ घ्यावं की पायथन?

सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामला स्क्रिप्टिंग (वापरणाऱ्याने लिहिलेला छोटा कोड प्रोग्रामच्या आत चालवण्याची सोय) जोडताना भाषा आवडते की नाही हे नंतर बघा. स्क्रिप्ट कोण लिहिणार आणि ती कुठून येणार, हे आधी ठरवा.

लोक एकमेकांच्या स्क्रिप्ट डाउनलोड करून चालवणार असतील तर लुआच घ्या. फाइल उघडणारी 'आयओ' आणि कमांड चालवणारी 'ओएस' या लायब्ऱ्या तुम्ही जोडल्याशिवाय त्यात येतच नाहीत. म्हणून सगळ्या लायब्ऱ्या एकदम जोडणारं 'ओपनलिब्ज' वापरू नका. बेस, स्ट्रिंग, टेबल, मॅथ एवढ्याच जोडा आणि बेसमधली बाहेरून कोड आत घेणारी 'डूफाइल', 'लोडफाइल', 'लोड' ही फंक्शन्स काढून टाका. 'लोड' राहिलं तर मुद्दाम बिघडवलेला बाइटकोड (आधीच कंपाइल केलेला लुआ कोड) अख्खा प्रोग्राम पाडू शकतो. पायथनला असं कुंपण घालता येत नाही. इंपोर्ट अडवलं तरी रिकाम्या टपलच्या (पायथनमधल्या एका साध्या यादीच्या) क्लासवरून चढत जाऊन हवं ते गाठता येतं. तिथे वेगळी प्रोसेसच हवी.

न संपणाऱ्या लूपने विंडो गोठते. लुआत दर 1 लाख सूचनांनंतर चालेल असा काउंट हुक (ठरावीक सूचनांनंतर आपोआप बोलावलं जाणारं तुमचं फंक्शन) लावा आणि 'थांबवा' बटण दाबलेलं असेल तर त्यातून एरर फेका. स्क्रिप्टमधला एरर पकडणारा 'पीकॉल' ती एरर गिळू शकतो, म्हणून स्क्रिप्ट पूर्ण थांबेपर्यंत बटण दाबल्याची खूण ठेवणारा फ्लॅग खाली करू नका.

लुआ सी म्हणून कंपाइल केलं असेल तर एरर सी मधल्या 'लाँगजंप'ने मधली फंक्शन्स ओलांडून उडी मारते, तुमचे डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट संपताना आवराआवर करणारा कोड) चालत नाहीत आणि लॉक अडकून राहतात. ते सी प्लस प्लस म्हणूनच कंपाइल करा.

स्क्रिप्ट लिहिणारे तुमच्याच ऑफिसातले इंजिनिअर असतील आणि त्यांना नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) लागत असेल, तर पायथन. ब्लेंडर, फ्रीकॅड यांनी तेच घेतलं. पण इंटरप्रिटर (पायथन कोड चालवणारा प्रोग्राम) स्वतःच्या फोल्डरमध्ये सोबत द्या. मशीनवरच्या पायथनवर विसंबलात तर 3.11 साठी कंपाइल केलेलं तुमचं मॉड्यूल 3.12 वर बहुधा लोडच होणार नाही. दुसरा धोका जीआयएलचा, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणाऱ्या लॉकचा: मुख्य थ्रेड जीआयएल धरून वर्करची वाट बघतो, वर्कर जीआयएलची, आणि दोघंही तिथेच अडकतात. वाट बघण्याआधी जीआयएल सोडा.

मराठी मजकूर हाताळणार असाल तर एक तपासून बघा. 'मराठी' या शब्दाची लांबी लुआ 15 सांगतं, कारण ते बाइट मोजतं. पायथन 5 सांगतं; लुआ 5.3 पासूनच्या 'यूटीएफ8' लायब्ररीतूनही 5 मिळतात. वाचणाऱ्याला दिसतात ती 3 अक्षरं दोन्हींत आपोआप मिळत नाहीत.