डीडी फ्री डिश: बेळगावच्या पावसात कितपत टिकते?

भारताचा क्रिकेट सामना सुरू झाला की केबलवरचं डीडी स्पोर्ट्स गप्प होतं आणि शिव्या बसतात केबलवाल्याला. त्याचा दोष नाही. २००७ च्या कायद्याने महत्त्वाच्या स्पर्धांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं, पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते डीडीच्या स्वतःच्या जाळ्यापुरतं ठेवलं. खाजगी डीटीएचवरही तीच गत. फुकट सामना हवा तर दूरदर्शनची स्वतःची विनाशुल्क डीटीएच सेवा, फ्री डिशच.

डिश, एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा), वायर आणि बॉक्स मिळून साधारण दोन हजार रुपये. महिन्याचं भाडं नाही. बॉक्स एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) चाच घ्या; स्वस्तात मिळणाऱ्या एमपीईजी-२ वर काही चॅनल येतच नाहीत.

उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. बेळगावातून तोंड आग्नेयेला: दिगंश (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) सुमारे १२८, उंची ६१ अंश. त्या बाजूला नारळ नको. फिरवताना स्क्रीनवर ‘स्ट्रेंग्थ’ नाही, ‘क्वालिटी’ बघा. एलएनबीच्या पिनेजवळ पाणी शिरणं हा इथला नेहमीचा बिघाड. तिथे रबरी टेप गुंडाळा आणि वायरीला खाली एक झोल सोडा, म्हणजे थेंब झोलातूनच गळतो.

खरी पंचाईत पावसाची. पॅरिस ऑलिम्पिक २६ जुलै ते ११ ऑगस्ट २०२४, लॉस एंजेलिसचं १४ ते ३० जुलै २०२८. ऐन बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीच्या झडीत! डीटीएच ज्या लहरींवर चालतं त्या केयू बँडचा सिग्नल जोराच्या सरीत मरतो. ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची डिश थोडी तग धरते. मुसळधारेत तीही झोपते.

शिवाय चॅनल एक, मैदानं दहा. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या नेमबाज स्वप्नील कुसाळेची अंतिम फेरी दुपारी एकला आणि भारत-बेल्जियम हॉकी दीडला. अशा वेळी काय दाखवायचं ते दिल्ली ठरवणार. खेळ स्वतः निवडायचा तर इंटरनेटवरचं ॲपच लागतं, आणि मराठी समालोचनही, असलंच तर, बहुधा तिथेच. २०२३ च्या आयपीएलला ते होतं. इथल्या केबल पॅकमध्ये मात्र कन्नड आधी.

ॲप फ्री डिशच्या मागे पडतं, कारण ते चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून दोन-तीन साठवतं, मग दाखवतं. त्यामुळे वीस-तीस सेकंद सहज जातात. वीज गेली तर राउटरला छोटा यूपीएस हवाच. फ्री डिशवाल्या शेजाऱ्याची आरोळी ऐकायची नसेल तर खिडकी लावून घ्या.